घरभर वास

धाकटे,

रागावून लिहीत नाहीये. रागवायचं असतं तर फोन केला असता.

तू दिलेलं स्वीट पी या फुलवेलीच्या बियांचं पाकीट शेवटी उघडलं. बिया रात्रभर भिजवल्या, गॅलरीतल्या कुंड्यांत लावल्या. रोपं वीतभर झाल्यावर तू सांगितलं होतंस तसे शेंडे खुडले. जिवावर आलं, पण फुटवा छान आला. आता फुलं रोज कापावी लागतात, नाहीतर वेल शेंगा धरतो आणि फुलायचा थांबतो. घरातले सगळे पेले फुलांनी अडवलेत. चहा वाटीतून पिते.

"घरभर वास सुटेल," म्हणाली होतीस. मागच्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही, हे तुला सांगितलेलं नाही.

काल मीटर बघायला माणूस आला. दारातच म्हणाला, "मावशी, कसला वास येतोय हो?" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. हातातला गुच्छच त्याच्या नाकाशी धरला. तो म्हणाला, "फुलांचा नाही. काहीतरी जळतंय." दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. गॅस त्यानेच बंद केला. गुच्छ दिला होता, तो जाताना इथेच विसरला.

हे तुला कळलं तर तू मला उचलून तिकडे नेशील. मग इथली फुलं कापणार कोण? म्हणून हे पत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवतेय.

पण सहज म्हणून ये कधीतरी. माझी तब्येत विचारू नकोस. नुसती दारात उभी राहा आणि सांग, फुलांचा वास येतोय का.

तुझी,
ताई