तात्पुरती ओली पेढी

३ सप्टेंबर, सकाळ
आजपासून आयुष्याला फोकस. माखटेल्टबाईंचा फोन. त्या शाळेची पुस्तकं छापतात. अर्थशास्त्राच्या नव्या पुस्तकात इंग्रजी शब्दांचा सुळसुळाट झालाय, त्यांना अस्सल डच शब्द हवेत. तिघांची समिती, अध्यक्ष मी. मुदत डिसेंबर लागेपर्यंत. जमलं तर मुखपृष्ठावर नाव: सीब्रांत हूकेमा. जन्मभर शाळेत अर्थशास्त्र शिकवलं, पण नाव छापून आलं ते फक्त टाइमटेबलवर.

टार्गेट: आठवड्याला शंभर शब्द. घरात इंग्रजी पूर्ण बंद. जो इंग्रजी बोलेल त्याला कॉफीबरोबरचं बिस्किट नाही. बायकोला, अलाइदला, ही पॉलिसी सांगितली. तिने लगेच माझं बिस्किट डब्यात परत ठेवलं आणि झाकण लावलं.

७ सप्टेंबर
मेहुणीचा वाढदिवस. खुर्च्या गोलात मांडलेल्या, आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन, केकचा एकेक तुकडा. मुखपृष्ठाचं सहज सांगितलं. दोनदा. साडू, एव्हर्ट, म्हणाला, अरे पण बेलआउटला बेलआउट नाही तर काय म्हणणार? सगळ्यांना कळतं की! अडाणी माणूस. बुडती बँक सरकारने वर काढायची, याला आपल्या भाषेत शब्द नसावा? सर्वांदेखत सांगून टाकलं, नाताळच्या आत आपला डच शब्द तुझ्या तोंडात असेल. तो म्हणाला, सध्या केक आहे.

म्हणून सुरुवात बेलआउटपासून.

१८ सप्टेंबर
पहिली बैठक, आमच्याच घरी. हार्मेन: रिटायर्ड बँक मॅनेजर. (त्याची बँकही सरकारनेच वर काढली होती. आम्ही तो विषय काढत नाही.) खोडेलीव्हबाई: बेल्जियमहून आल्या, गेंटच्या. भाषा आमचीच, पण इतक्या अदबीने बोलतात की 'नाही' म्हणाल्या हे दुसऱ्या दिवशी कळतं.

आमच्यात मतदान वगैरे नसतं. एकाचा जरी चेहरा पडलेला असला तरी ठराव होत नाही, परत पहिल्यापासून बोलायचं. यालाच संस्कृती म्हणतात. दुपारी चीज-ब्रेड आणि ताक. ताकानंतर तिघांनी डायऱ्या काढल्या आणि पुढची तारीख ठरवेपर्यंत अंधार पडला. शब्द नाही झाला, पण टीम झाली.

९ ऑक्टोबर
माझा शब्द मांडला: बुडतीपेढीउद्धार. आमच्या भाषेत शब्दाला शब्द चिकटवता येतात, हीच तिची ताकद. मला वाटलं टाळ्या पडतील. हार्मेनचा चेहरा पडला. म्हणाला, बुडती? बँक बुडत नसते, सीब्रांत. तात्पुरती ओली होते.

तीन तास. शेवटी सर्वानुमते: तात्पुरत्याओल्यापेढीचाउद्धार. मूळ शब्दापेक्षा डौलदार आहे, असं मी स्वतःला पटवलं. पटलंच.

रात्री अलाइदला वापरून बघ म्हटलं. ती म्हणाली, सीब्रांत, मी एवढं म्हणेपर्यंत ती बँक कोरडी झालेली असेल.

२३ ऑक्टोबर
खोडेलीव्हबाई म्हणाल्या, हूकेमासाहेब, फारच सुंदर शब्द, खरंच, मला काही म्हणायचंच नाही, फक्त उद्धार कोणाच्या खिशातून ते आलं असतं तर आमच्याकडच्या मुलांना बरं पडलं असतं. बरोबर आहे. 'सर्वांच्याखिशातून' जोडलं. मग हार्मेन म्हणाला, सर्वांच्या म्हणजे बेल्जियमच्यासुद्धा? बाई ताक ढवळू लागल्या. चेहरा पडला होता की त्यांचा तसाच असतो, कळेना. रिस्क नको म्हणून 'आपापल्यादेशातल्या' हेही घातलं.

आठवड्याला शंभर हे टार्गेट रिव्हाइज केलं. एक शब्द, पण दणकट. दगडी पूल काय रोज बांधतात?

बिस्किट नाही. रिव्हाइजमुळे.

१३ नोव्हेंबर
सर्वानुमते! हार्मेनला शेवटची भीती होती की शब्दात उपकाराचा वास येतो, म्हणून 'सौजन्यपूर्वक'. पूर्ण शब्द असा:

तात्पुरत्याओल्यापेढीचाआपापल्यादेशातल्यासर्वांच्याखिशातूनसौजन्यपूर्वकउद्धार.

तिघांचेही चेहरे वर. खोडेलीव्हबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. हार्मेनने ताकाचा ग्लास उंचावला. एव्हर्टला फोन करणार होतो, पण कागद दुसऱ्या खोलीत होता आणि पाठ म्हणताना 'आपापल्या' आधी की 'सर्वांच्या' आधी, असं झालं. उद्यापासून रोज सकाळी दहा वेळा म्हणायचं.

१४ नोव्हेंबर
दोनदा म्हटलं. घसा बसला. हवा बदलतेय.

२८ नोव्हेंबर
माखटेल्टबाईंना पाठवला. उरलेले शब्द पुढच्या आवृत्तीत, असंही लिहिलं. मुखपृष्ठासाठी फोटो हवा का विचारलं. फोटो काढूनच ठेवलाय, टाय लावून.

२ डिसेंबर
बाईंचा फोन. सरळच बोलल्या. शब्द पुस्तकात घालायचा तर पान आडवं करावं लागेल. शिवाय त्यांनी तिघांना वेगवेगळा फोन करून तो म्हणून दाखवायला सांगितला, तर तीन निरनिराळे शब्द आले. (माझा घसा बसला होता, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.) तेव्हा पुस्तकात बेलआउटच राहील. बाकीचेही इंग्रजीच राहतील. समितीचे आभार शेवटच्या पानावर, जागा उरली तर.

फोन ठेवला आणि खिडकीशी उभा राहिलो. वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, रडू आलं. अलाइदला सांगितलं, कांदा चिरत होतो. ती म्हणाली, कुठाय कांदा?

नो प्रॉब्लेम. शब्द पुस्तकातून जन्माला येत नाहीत, लोकांच्या तोंडून येतात. एक माणूस पुरे. एका माणसाने एकदा म्हटलं की झालं.

५ डिसेंबर, रात्र
सिंटरक्लासची संध्याकाळ, आमचा भेटी द्यायचा सण. भेट कोणाची ते सांगायचं नाही, सोबत टर उडवणारी कविता, आणि ज्याची टर त्यानेच ती मोठ्याने वाचायची. माझ्या कवितेत एक माणूस होता, जो अख्खा शरद ऋतू एक बँक टॉवेलने पुसत बसतो. सगळे हसले. एव्हर्ट जरा जास्तच.

पार्सलमध्ये मफलर निघाला. निळा, आणि त्यावर पांढऱ्या लोकरीत माझा शब्द. अख्खा, एकही अक्षर न गाळता. गळ्याभोवती चार वेढे घेतले तरी टोक गुडघ्यापर्यंत. म्हणजे अलाइद ऑक्टोबरपासून विणत होती. शेवटी 'सौजन्यपूर्वक' आल्यावर तिला आधीचा 'उद्धार' उसवावा लागला असणार. तिचा हात धरून बसलो.

७ डिसेंबर
शनिवार, बाजार. एव्हर्टबरोबर गाडीवर हेरिंग मासे खायला गेलो. मफलर घातला होता. थंडी होतीच, शिवाय मार्केटिंग.

गाडीवरचा माणूस मासा साफ करता करता थांबला. म्हणाला, काका, मफलर झकास आहे हो! काय लिहिलंय त्यावर?

हाच तो क्षण. अख्ख्या देशात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून विचारलं होतं. एव्हर्टही बघत होता. मी खाली पाहिलं. समोर फक्त 'ल्यापेढीचाआपा' दिसत होतं, शब्दाची सुरुवात पाठीमागे कुठेतरी कोटात होती. लोक रांगेत उभे होते.

मी म्हणालो, बेलआउट.

एव्हर्टच्या तोंडात मासा होता. गाडीवाला म्हणाला, अस्सं होय! मग एवढी लोकर कशाला घालवलीत?

घरी आलो. अलाइदने कॉफी आणली. बशीतलं बिस्किट मी स्वतःच डब्यात परत ठेवलं.