आफ्रिकन मेल

५ जानेवारी, रविवार
रोह्याला मॅच. आवाज पार बसला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू. सकाळपासून माईक हातात, मंडपातला पंखा नुसती शेतातली धूळ तोंडावर उडवत होता. पेणला, रामवाडीत पोचलो तर रंजना दारातच म्हणाली, "घरात तोंड उघडत नाय, आन् मैदानात बंद करत नाय!" बायको आहे, ऐकून घेतलं.

आज एक बॉलर बघितला. परशुराम सिद्दी. कोलाडच्या पलीकडच्या गावाकडून खेळला. नदीवर राफ्टिंगच्या बोटी नेतो. मूळचा कर्नाटकातल्या दांडेलीकडचा, सिद्दी लोकांची वस्ती आहे तिकडे. बायको सविता इथली. आपल्याकडे एक गाव एक टीम, बाहेरचा चालत नाही. पण गावात राहणारा जावई चालतो. उंच, रंग काळाभोर, केस लोकरीसारखे. टेनिसचा बॉल असा सोडतो की बॅट्समनला नुसता वारा लागतो. पहिल्याच ओव्हरला माझ्या तोंडून निघून गेलं, "आली रे आली, आफ्रिकन मेल आली!" मैदान खदखदून हसलं. मग प्रत्येक बॉलला तेच. यूट्यूबवर लाइव्ह होतं. कॉमेंट्रीवाल्याला अशी ओळ सीझनमध्ये एखादीच सापडते. खूश आहे.

७ जाने., मंगळ.
फर्स्ट शिफ्ट. क्लिप सगळीकडे फिरतेय. कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला कार्ड बघायच्या आधी "आली रे आली" म्हणाला.

कँटीनमध्ये टीव्ही. परदेशात आपल्या खेळाडूंना प्रेक्षकांनी रंगावरून शिव्या दिल्या, त्यावर चार जण एकदम भांडत होते. इकडे आमचं टेबल पेटलं. गोऱ्यांची सगळी खानदानं काढून झाली. मी सगळ्यात मोठ्याने, सवयच तशी. "इतकी वर्षं राज्य करून गेले, अजून मस्ती नाय उतरली!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शेजारचा फिटर डाळ ओरपत म्हणाला, "तुमचा तो नायजेरियन परत कधी खेळतोय?" मी रविवार सांगितला. ताट ठेवताना काहीतरी खटकलं. काय ते तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घेतलं नाही.

१२ जाने., रवि.
नागोठणे. पब्लिक तुफान. अर्धं परशुरामसाठीच आलेलं. सीमारेषेवर काही पोरं तोंडाला काजळी फासून नाचत होती. मी माईकवर म्हटलं, "अरे, मेलचे डबे पण आलेत!" परत हशा. मग कोणीतरी केळ्याची साल टाकली. मग ते आवाज सुरू झाले. माकडाचे. मी गाणं वाढवायला सांगितलं डीजेला. त्याहून जास्त काही केलं नाही.

परशुराम मधल्या सुट्टीत मंडपात पाणी प्यायला आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, स्कोरबोर्डवर माझं नाव लिवलंय."
"अरे, प्रेमाने म्हणतो मी. बघ किती फेमस झालास."
"व्हय. झालो खरा."
ग्लास विसळून उपडा ठेवला आणि गेला. वाईट वाटलं. रागही आला, खोटं कशाला लिहू. एवढं वर काढलं ह्याला आणि हा तोंड पाडून फिरतो.

१६ जाने.
सेकंड शिफ्ट. त्यांच्या टीमचा कॅप्टन दिनेश, त्याचा फोन. कोलाड नाक्यावर दोन पोरांनी परशुरामची बाईक अडवली. पासपोर्ट मागितला. हिंदीत. त्याने मराठीत उत्तर दिलं तर म्हणे, "मस्त शिकलास रे मराठी!" आणि सेल्फी काढून सोडला. दिनेश म्हणतो, "अण्णा, तेवढं नाव जरा बंद करा ना."

मी म्हटलं, बघतो. नाव परशुराम आणि ह्याला कोकणात बाहेरचा ठरवायचा! ही भूमी कोणी वसवली म्हणून सांगतो आपण येता-जाता? पण हे मी दिनेशला बोललो नाही. आत्ता लिहिताना सुचलं. माझं असंच, माईक बंद झाला की अक्कल येते.

२६ जाने., रवि.
सकाळी झेंडावंदन, मग मॅच. समोरच्या टीमची हरकत: परदेशी खेळाडू आहे. दिनेशने मोबाइलवर आधार कार्ड दाखवलं. "आधार काय, कुठं बी काढून मिळतं," असं त्यांचं म्हणणं. स्पर्धेचे अध्यक्ष, पांढरा शर्ट, छातीला छोटा तिरंगा, त्यांना उन्हाचा आणि भांडणाचा कंटाळा आलेला. मला म्हणाले, "जनतेलाच विचारा. लोकशाही हाय."

आणि मी विचारलं. परशुराम पिचच्या कडेला बॉल घेऊन उभा, आणि मी माईकवर विचारतो, "बोला मंडळी, ह्याला खेळवायचा का नाय?" सगळं मैदान ओरडलं, "खेळवा! मेल सोडा!" म्हणजे कौल त्याच्याच बाजूचा. भांडण मिटलं. अध्यक्षांनी तोडगा काढला, पाहुणा खेळाडू म्हणून खेळू द्या. मी तेही जाहीर केलं.

परशुराम मंडपाजवळून जाताना थांबला. "दादा, सात वर्षं नांदतोय ह्या गावात. आज पाव्हणा झालो."

त्याने सगळे बॉल हळू टाकले. लोक चिडले. आणलेल्या माकडाने नाच केला नाही की चिडतात तसे. हा शब्द मी लिहिला. खोडणार होतो, राहू दे.

रात्री जेवलो नाही. रंजनाने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "माझ्या काळ्या रंगावरनं तुमच्या आईनं लग्नात किती ऐकवलं. तवा बी तुमी हसून घेतलंवत."

२९ जाने., बुध.
परशुराम घरी आला. पेणला पापड घ्यायला आलेला, असं म्हणाला. बरोबर मुलगी. केस बापाचे, दोन घट्ट शेंड्या. रंजनाने विचारलं, "काय गो नाव तुझं?" पोरीने उभं राहून सांगितलं, "साक्षी परशुराम सिद्दी." पोह्याचा पापड भाजून दिला तर सगळा खाल्ला आणि दुसरा मागितला.

परशुरामने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आमच्या कुणाला तरी फार मागं जहाजातनं आणला म्हणतात. कोणी आणला, कुठनं आणला, माझ्या आज्याला बी ठाव नव्हतं. आफ्रिका मी टीव्हीतच बघितली, तुमच्यासारखी."
मी म्हटलं, "चुकलं माझं."
"चुकलं ऱ्हाऊ दे. हिला जूनला पहिलीत घालायची हाय. त्याच्या आत ते नाव जाऊ दे. तुमीच लावलंय, तुमीच काढा. पुढच्या फायनलला माझं नाव घ्या, मी जीव तोडून टाकीन."
शब्द दिला. जाताना पोरीने मला टाटा केलं.

त्यांनी पापड घेतलेच नव्हते. रंजनाने बांधून दिले.

९ फेब्रु., रवि.
पेणला फायनल. सुरुवातीलाच माईकवर सांगितलं, आजपासून ते नाव बंद. हा कोलाडकडचा आपला माणूस आहे, परशुराम सिद्दी म्हणतात ह्याला. लोक हसले. त्यांना वाटलं, अण्णा नवीन काहीतरी काढतोय.

पहिला बॉल. मी म्हटलं, "परशुराम सिद्दी!" मैदान म्हणालं, "आली रे आली!" मी आणखी मोठ्याने नाव घेतलं, त्यांनी आणखी मोठ्याने ते म्हटलं. मी एक ओळ म्हणायची आणि लोकांनी पुढची, आरतीसारखं बसलंच ते. दोन विकेट काढल्या त्याने त्या ओव्हरमध्ये. मी नाव घेत राहिलो. घसा फाटला.

मग मला साक्षी दिसली. प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी, सविताने कमरेला धरलेलं. दोन्ही हात वर आणि सगळ्यांच्या सुरात सूर, "आफ्रिकन मेल आली!" केवढी आनंदली होती. सगळं गाव तिच्या बापासाठी ओरडतंय म्हणून. सविता तिच्या तोंडावर हात धरत होती, ती मान हलवून सोडवून घेत होती.

परशुराम रन-अपला होता. त्याने बघितलं. बॉल पंचाच्या हातात दिला, सरळ खुर्चीपाशी गेला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि बाईककडे चालायला लागला. ती खांद्यावरूनही ओरडत होती. मी माईक बंद केला. माईक बंद झाल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

१३ फेब्रु., गुरु.
रविवारच्या मॅचवाल्यांचा फोन. बॅनर छापून आले. 'खास आकर्षण: आफ्रिकन मेल'. फोटोही आहे. "अण्णा, येतेय ना गाडी?" मी म्हटलं, विचारून सांगतो. बॅनर उतरवा म्हणालो, तर तो हसला.

शिफ्टवरून आल्यावर परशुरामला फोन लावला. चार दिवस लावतोय, उचलत नाही. आज उचलला. साक्षी होती.
"कोण?"
मी म्हटलं, "अगो, मी पेणचा काका. बाबा हाय काय?"
तिने आवाज ओळखला. खुशीत ओरडली, "बाबा, मेलवाला काका!"
पलीकडे भांड्याचा आवाज होता, तो थांबला.  फोन कोणी कापला नाही. मी तसाच कानाला धरून उभा राहिलो.