घड्याळावरचे ओरखडे

दादा,

बाबांचं घड्याळ परत मागतोस, कारण म्हणे मी त्याची वाट लावतेय. बाईच्या मनगटावर असला धोंडा शोभत नाही, हेही वहिनीकरवी कळवलंस.

बाबा गेल्यावर तुझ्या कपाटात, मखमलीवर ते बंदच पडलं होतं ना? हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ ते! मी कामावर मोबाइलच्या टॉवरवर चढते, बोल्ट आवळते, म्हणून ते चालतं. घरी आल्यावर धूळ पुसते, पावसाळ्याआधी रबरी वायसर बदलून घेते. उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

घड्याळ मिळणार नाही. हे पत्रही टाकणार नाही. तुझी समजूत काढत बसायला मी रिकामी नाही.

काचेवरचा आडवा ओरखडा बाबांचा. बाकीचे सगळे माझे. तुझा एकही नाही.

तुझी धाकटी