नाईलची ओटी

रविवार, २३ जानेवारी १९५५. चिंचवड.

आजपासून रोजनिशी. परदेशी जाणाऱ्या माणसाने ती ठेवलेली बरी. पाच फेब्रुवारीला बोट. कारखान्यातून दोघांची निवड: प्लॅनिंगमधून मी आणि स्टोअर्समधून ज्योतीराम. सहा महिने इटलीत ट्रेनिंग. ज्योतीराम महाळुंग्याचा, आणि माझी सासुरवाडीही तीच, म्हणून तो मला दाजी म्हणतो. कारखान्यातसुद्धा. बोटीवर तरी म्हणू नये असं त्याला सुचवायला हवं.

बोट सुएझला थांबते. तिथून मोटारने कैरो, दिवसभर हिंडायचं आणि पोर्ट सैदला परत बोट गाठायची. पाच हजार वर्षांचा इतिहास आणि हाताशी एक दिवस. दुसरा कुणी गांगरला असता. पण माझं कामच प्लॅनिंगचं आहे. वेळापत्रकाला सुरुवात केली.

इंद्रायणीला सातवा लागला आहे. बाळंतपणाला मी नसणार. वाईट वाटतं. पण अशा वेळी पुरुष माणसाची अडचणच होते, हे आईही म्हणते.

मंगळवार, २५ जानेवारी.

कैरोचा नकाशा पसरून बसलो होतो तेव्हा इंद्रायणीने विषय काढला. मागे दोनदा तिच्या पोटात राहिलेलं टिकलं नाही. म्हणून या खेपेला तिने सात नद्यांच्या ओट्या बोलल्या होत्या. पवना, इंद्रायणी, भीमा, मुळा, मुठा, नीरा झाल्या. सातवी गोदावरी. पण अंबुबाई सुईणीने आता प्रवास बंद केला आहे. इंद्रायणीने नकाशातल्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही भरा माझ्या नावाने.

मी म्हणालो, अगं, ही मिसरातली नदी, हिला आपला नवस कसा कळणार? आई चुलीपासून म्हणाली, नदीला जातगोत असतं व्हय रं, पानी हाय तिथं आई हाय.

मी आधुनिक माणूस. नवस मानत नाही. शिवाय ओटी बायकांनी भरायची असते. त्यावर इंद्रायणीचं उत्तर तयार होतं: घाटावर एखादी बाई भेटेल, तिच्या हातून भरवा. परक्या मुलखात परक्या बाईच्या पुढ्यात नारळ घेऊन उभं राहायचं म्हणजे माझी शोभाच. पण या अवस्थेत तिला नाही म्हणवलं नाही. वेळापत्रकात पहिलं काम लिहिलं: नाईल, ओटी. मग पिरॅमिड. शब्द दिला म्हणजे दिला.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी.

ट्रंक भरली. इंद्रायणीने ओटीची वेगळी पिशवी केली आहे. हिरवा खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, हळदीकुंकवाची पुडी. नारळ कानाशी हलवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला जरा राग आला. मी काय लहान मूल आहे?

मंगळवार, ८ फेब्रुवारी. बोटीवर, कराची सुटल्यावर.

तीन दिवस आडवा होतो. बोट लागणं हा अशक्तपणा नाही, कानातल्या कसल्याशा पाण्यामुळे होतं, असं डॉक्टर म्हणाला. ज्योतीरामला मात्र काही होत नाही. त्याच्या कानात ते पाणी नसावं.

मळमळीवर सुपारी चांगली. जवळ दुसरी नव्हती म्हणून ओटीतली फोडली. सुपारी ही ओटीत तशी गौण वस्तू. कैरोत मिळेल.

गुरुवार, १० फेब्रुवारी. एडन.

उकडलेले बटाटे, उकडलेला कोबी आणि शेवयांसारखं काहीतरी पांढरं. रोज तेच. स्वयंपाकघरात एक गोव्याचा आचारी आहे. त्याच्याशी ओळख काढली. बोलता बोलता चटणीचा विषय निघाला. विषय मी काढला नव्हता. बहुधा मीच काढला.

नारळ हलवून पाहिला तेव्हा आवाज संशयास्पद आला. कुजका नारळ नदीला वाहणं म्हणजे नदीचा अपमान. म्हणून तपासणीसाठी फोडला. चांगला निघाला. पण फुटलेला नारळ ओटीला चालत नाही, आणि टाकून देणं पाप. चटणी उत्तम झाली. ज्योतीरामने दोनदा घेतली. मग हात धुताना म्हणाला, दाजी, चटनी झ्याक हाय, पर नारळ कुठला म्हनायचा? मी म्हणालो, कैरो मोठं शहर आहे. तो बरं म्हणाला. त्याचं बरं मला आवडत नाही.

रात्रीच्या जेवणाला चटणी उरली होती. घेतली नाही. घशाशी आली असती.

शनिवार, १२ फेब्रुवारी. तांबडा समुद्र.

डेकवर वारा फार. कानाला बांधायला काही नव्हतं, म्हणून खण बांधला. अंगावर असला म्हणजे जपल्यासारखाच. एका म्हाताऱ्या इटालियन बाईने खणाच्या काठावरून बोट फिरवलं आणि बेल्ला, बेल्ला म्हणाली; सुंदर म्हणत असावी. अशा वेळी माणूस देशाचा प्रतिनिधी असतो. सोडून तिच्या हातात दिला. तिने मला लिंबाची गोळी दिली.

केबिनमध्ये आल्यावर गोळी तोंडात घातली आणि एकदम इंद्रायणी आठवली. तो खण तिच्या आईने तिला सातव्या महिन्याचा म्हणून दिला होता. तिने स्वतःला न शिवता ओटीत घातला. गोळी थुंकून टाकली. उद्या त्या बाईकडून खण परत मागायचा.

रविवार, १३ फेब्रुवारी.

बाईने माझा खण डोक्याला बांधला होता आणि सगळ्यांना दाखवत होती. मागवेना.

आता तांदूळ, हळकुंड आणि हळदीकुंकू शिल्लक. खरं तर ओटीचा आत्मा तोच. बाकी सगळा पसारा.

सोमवार, १४ फेब्रुवारी.

उद्या कैरो. वेळापत्रक पुन्हा नव्याने केलं. नाईल पहिली. काही झालं तरी पहिली. मग पिरॅमिड, जेवण, म्युझियम, किल्ला, बाजार. उरलेल्या ओटीची कागदात पुडी करून कोटाच्या खिशात ठेवली. ज्योतीरामला वेळापत्रक दाखवलं. म्हणाला, लई हाय वो दाजी, येवढं एका दिसात? मी त्याला प्लॅनिंग म्हणजे काय ते समजावलं. ऐकता ऐकता झोपला.

बुधवार, १६ फेब्रुवारी. पोर्ट सैद सोडलं.

कालचा दिवस लिहितो. सगळं नाही.

पहाटे सुएझहून मोटारी निघाल्या. रात्र वेळापत्रकात गेली होती, त्यामुळे वाळवंटात डोळा लागला. नदीकाठच्या हॉटेलात चहाला थांबलो तेव्हाही मी गाडीतच होतो. कुणी उठवलं नाही. जाग आली ती पिरॅमिडपाशी. म्हणजे नाईल ओलांडली आणि मी घोरत होतो. हरकत नाही. येताना तोच पूल लागणार. नदी कुठे पळून जात नाही.

पिरॅमिड मोठे आहेत.

उंटावर बसायचं वेळापत्रकात नव्हतं. पण उंटवाल्याने हात धरून बसवलंच. उंट उठला तेव्हा मी पुढे कोसळलो आणि खिशातली पुडी फुटली. तांदूळ आणि कुंकू उंटाच्या मानेवर. उंटवाल्याला वाटलं रक्त आलं. तो ओरडायला लागला, उंट पळायला लागला. बऱ्याच लांब गेलो. परत आलो तेव्हा आमच्या गाडीतल्यांचं जेवण आटोपलं होतं. ओटी भरली गेली म्हणायची, पण उंटाची.

म्युझियमचं दार पाहिलं. किल्ला लांबून पाहिला. अत्तराच्या दुकानात मात्र वाटाड्याने सगळ्यांना पुष्कळ वेळ बसवलं.

येताना पूल आला. मी खिडकीशी नव्हतो. मधे कराचीचे एक शेठजी होते. त्यांच्या पोटापलीकडे काहीतरी चमकलं. मी हात जोडले. शेठजींना वाटलं त्यांनाच जोडले, त्यांनीही जोडले.

ज्योतीरामने तर अख्खा दिवस मातीत घातला. चहाला उतरला तो हॉटेलपाशीच राहिला. ना पिरॅमिड पाहिले, ना म्युझियम. संध्याकाळी तिथूनच गाडीत चढला. काय केलंस म्हटलं तर म्हणे, नदीवर बसलो हुतो. कारखान्याने इतक्या लांब पाठवायचं आणि माणसाने नदीवर बसायचं. हे चिंचवडला पवनेवरही करता आलं असतं.

मग त्याने विचारलं, दाजी, आक्काचं काम झालं का? मी हो म्हणालो. कसं म्हणालो कळलं नाही. एकदा हो म्हटल्यावर बाकीचंही सांगावं लागलं. पुलापाशी उतरलो, एक बाई भेटली, वगैरे. तो सगळं ऐकून बरं झालं म्हणाला.

गुरुवार, १७ फेब्रुवारी.

झोप नाही. बोट हलत असल्यामुळे असावं.

मी नवस मानत नाही हे इथे पुन्हा लिहून ठेवतो. नदीला नारळ दिल्याने बाळाला काही होत नाही आणि न दिल्यानेही काही होत नाही. हे शास्त्र आहे. पण मागच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि मी दारात उभा होतो, शेवटी कारखान्यात निघून गेलो. त्या दिवशी शास्त्राने काही सांगितलं नव्हतं. या वेळी तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मी ती चटणी करून खाल्ली.

तिच्या मनाला शांती मिळावी म्हणून पत्र लिहायला घेतलं. शांती महत्त्वाची. लिहिताना हात मोकळा झाला. विशाल पात्र, संथ पाणी, घाटावरची शालीन स्त्री. नारळ डुलत डुलत दक्षिणेकडे दिसेनासा झाला. वाचताना मलाच भरून आलं.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी.

नेपल्सला टपाल पडतं. ज्योतीरामचं पत्रही एकत्रच टाकावं म्हणून त्याच्याकडे गेलो. माझं पत्र त्याला वाचून दाखवलं. गरज नव्हती. पण चांगलं लिहिलेलं कुणाला तरी दाखवावंसं वाटतं.

त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, दाजी, पत्र लई ग्वाड लिवलंय. फक्त नारळ उत्तरंला गेला म्हना. मी म्हणालो, दक्षिणेला. तो म्हणाला, न्हाई, उत्तरंला. म्या बघितला.

मी त्याच्या खाटेवर बसलो. त्याने पायातला बूट काढता काढता सगळं सांगितलं. चिंचवड स्टेशनवर मी हमालाशी भांडत होतो तेव्हा इंद्रायणीने त्याला दुसरी पिशवी दिली होती. खण, नारळ, सगळं. म्हणाली, ह्यांना तिथं लई कामं असतील. त्यांच्या हातून झालं तर सोन्याहून पिवळं. न्हाई झालं तर तू गावचा भाऊ, तू भर. आणि त्यांना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल.

चटणी खाल्ली तेव्हाच त्याला कळलं होतं की काम आपल्यावर आलं.

हॉटेलमागच्या उतारावर एक बाई घागर भरायला आली होती. त्याने पिशवी पुढे केली तर ती घाबरून मागे सरली. मग त्याने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला, गोल करून दाखवला, पाळणा हलवल्यासारखं केलं. बाई आधी हसली. मग हसायची थांबली. घागर खाली ठेवली, हात धुतले, त्याने दाखवलं तसं हळदीकुंकू वाहिलं, खण ठेवला, तांदूळ सोडले. नारळ दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला आणि काहीतरी बोलली. काय बोलली म्हणून मी विचारलं. ज्योतीराम म्हणाला, ठावं न्हाई, पर आक्कालाच बोलली.

मी विचारलं, तू बायकोला काय लिहिलंस? तो म्हणाला, कुसुमला लिवलंय, दाजींनी वटी भरली, आक्काला निरोप दे. आक्कानंच तसं सांगितलं हुतं. भरली कुनी का असंना, नाव ह्यांचं घाल.

शनिवार, १९ फेब्रुवारी. नेपल्स.

सकाळी पत्र फाडलं. नव्याने विचार केला. मी खरं कळवलं तर ज्योतीराम खोटा ठरतो. तो कुसुमताईंच्या नजरेतून उतरेल, बिचाऱ्याचा संसार आहे. त्याच्या अब्रूसाठी मला गप्पच बसायला हवं. माझ्या मनाला कितीही बोच लागली तरी. मैत्रीखातर माणसाला एवढं सोसावं लागतं.

हे लिहिलं आणि परत वाचलं. वाचवेना.

तिला सगळं ठाऊक होतं. मी हो म्हणत होतो तेव्हाही ठाऊक होतं. तरी पहिली पिशवी तिने माझ्याकडेच दिली, कारण ती थेट दुसऱ्याकडे दिली असती तर मला कमीपणा आला असता. सातवा महिना, मागच्या दोन खेपांची भीती, नवरा सहा महिने परदेशी, आणि त्यात ही माझं मन सांभाळत होती.

ज्योतीराम गाव बघायला गेला आहे. इथून जवळच राखेत गाडलेलं एक जुनं शहर आहे, तिकडे बस जाते. मी गेलो नाही. नवा कागद घेतला आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली: चि. सौ. इंद्रायणी हीस अनेक आशीर्वाद.

तिथेच थांबलो आहे. आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचे, हेच कळेना.