शंभर टक्के चार्ज

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारणच तसं आहे. ऑफिसने मला आमच्या मजल्याचा फायर वॉर्डन नेमलं, म्हणजे आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढणारा. निवड झाली त्या मीटिंगला मी रजेवर होतो. गैरहजर माणसाचं नाव एकमताने पुढे येतं, यातच सगळं आलं. एक दिवसाचं ट्रेनिंग, पिवळं चमकणारं जॅकेट आणि एक शिट्टी मिळाली. वीस वर्षं वॉरंटी विभागात बसून लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजचे दावे नाकारतोय. शेवटी कुणीतरी माझ्यातला नेता ओळखला.

ट्रेनर म्हणाला, सुरुवात घरापासून करा, पण अति करू नका. दुसरं वाक्य बोलताना तो माझ्याकडे का बघत होता ते कळलं नाही.

४ मार्च, बुधवार
जेवताना घरच्यांची परीक्षा घेतली. प्रश्न एकच: संकट आलं तर पहिला फोन कुणाला करायचा? बायको म्हणाली, भावाला. मुलगी म्हणाली, मामाला. आई म्हणाली, तुझ्या मेहुण्याला, आणखी कोणाला. उत्तरं तीन, माणूस एकच. आणि ही आई माझी स्वतःची, सख्खी.

मेहुण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसाला वीसेक शब्द बोलतो. त्याचं एकमेव कर्तृत्व म्हणजे तो फोन उचलतो. एवढ्यावर माणूस कर्ता ठरत असेल तर कठीण आहे.

संकल्प: महिन्याच्या आत या घराचा पहिला फोन मला आला पाहिजे.

७ मार्च, शनिवार
घराची संकटकाळची योजना लिहून पूर्ण. तेवीस पानं, सहा परिशिष्टं. पहिलं वाक्य: 'तहान लागल्यावर विहीर खणणारे आम्ही नव्हे.' स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं.

बायकोने चाळून विचारलं, गॅसचा कॉक कुठून बंद करायचा ते कुठे लिहिलंय? परिशिष्ट चार, म्हणालो. तिथे नव्हतं. मग तिने एक कागद घेतला आणि पाच ओळी लिहिल्या. गॅसचा कॉक कुठे, आईंची औषधं कुठे, कागदपत्रांच्या झेरॉक्स कुठे, टॉर्च कुठे, बाहेर पडल्यावर भेटायचं कुठे. फ्रिजला चिकटवला आणि कपडे वाळत घालायला गेली. चार मिनिटांचं काम. अभ्यास शून्य.

८ मार्च, रविवार, सकाळी ७
ड्रिल. जॅकेट घालून पॅसेजमध्ये शिट्टी फुंकली. आई दूध आणायला आधीच खाली गेली होती, म्हणजे तिची सुटका झाली असं धरलं. मुलगी पांघरुणातून म्हणाली, खरंच पेटलं की उठव. बायकोने गॅस बंद केला, पण तो चहा झाला म्हणून. शेजारचे काका मात्र टॉवेलवरच जिना उतरले. ते आता माझ्याशी बोलत नाहीत.

निकाल: समाधानकारक.

११ मार्च, बुधवार
बॅग भरली. तीन टॉर्च, दोर, तंबू, बिस्किटं, डबाबंद अन्न, योजनेच्या दोन प्रती. वजन एकतीस किलो. उचलून पाहिली, उचलली नाही. संकटात माणसाच्या अंगात बळ येतं म्हणतात, तेव्हा बघू. आईने विचारलं, पळताना मला घेणार की हिला? डबे उघडायचा ओपनर राहिलाय.

१४ मार्च, शनिवार
पाणी. ट्रेनरच्या हिशोबाने तीन दिवसांचा साठा पुरतो. मी दोन आठवड्यांचा धरला. पन्नास लिटरचे चार ड्रम पॅसेजमध्ये उभे आहेत, त्यामुळे आता सगळे आडवे चालतात. एकाचा नळ किंचित ठिबकतो. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता परत कर. मी खाली फडकं घातलं. वॉरंटीत बदलून मिळेल, पण वॉरंटीवाले कसे असतात ते मला विचारा.

१५ मार्च, रविवार
आंघोळ करताना सुचलं. ऐन वेळी लोकांचे फोन दगा देतात, कारण बॅटरी फालतू बोलण्यात गेलेली असते. यापुढे माझा फोन शंभर टक्के चार्ज करून बंद. सदैव खिशात, पण बंद. खरा प्रसंग आला की मगच चालू करायचा. मुलीने विचारलं, प्रसंग आलाय हे तुला कळणार कसं? या पिढीला खोलात जायची सवयच नाही.

१८ मार्च, बुधवार
आई पॅसेजमध्ये घसरली. दुपारी अडीचला. डावं मनगट मोडलं.

फडकं ओलं होतं, मान्य. पण एरवी ती भिंतीला धरून चालते आणि भिंतीला ड्रम होते. हेही मान्य.

बायकोने मला अकरा फोन केले. मग ऑफिसच्या नंबरावर. तिथे तिला सांगण्यात आलं की आपण रांगेत चौदाव्या आहात आणि फ्रिजचा मॉडेल नंबर जवळ ठेवा. मग तिने भावाला फोन लावला. तो दुकान तसंच उघडं टाकून आठ मिनिटांत आला.

मी नेहमीसारखा सव्वासहाला घरी. कुणी नाही, टेबलावर चिठ्ठी. बॅगेवरचं जॅकेट अंगात घालून हॉस्पिटलला धावलो. पोचलो तेव्हा प्लास्टर झालं होतं. नर्सने मेहुण्याला विचारलं, मुलगा ना तुम्ही? त्याने मान हलवून माझ्याकडे बोट दाखवलं. नर्सने जॅकेटकडे पाहिलं आणि मला पार्किंगमध्ये जागा झाली का ते विचारलं.

फार वाईट वाटलं. फोन खिशात होता. शंभर टक्के.

१९ मार्च, गुरुवार
रजा टाकली. चारही ड्रम रिकामे केले, बादली बादलीने, दुपारपर्यंत. बायको मागोमाग फरशी पुसत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आईला सफरचंद कापून दिलं आणि सहज विचारलं, माझा फोन लागला असता तर मलाच बोलावलं असतंस ना? आईने फोड संपवली. मग म्हणाली, नसतं बोलावलं. तू घाबरतोस रे. मी माझा हात सांभाळू की तुला?

दुखण्यात माणूस काहीही बोलतो.

२२ मार्च, रविवार
तीन दिवस फोन सतत चालू. आवाज फुल. आंघोळीला जातानाही सोबत नेतो. एकही फोन नाही. चालू आहे की नाही बघायला मुलीला रिंग द्यायला लावली. चालू आहे.

संध्याकाळी साडेसहाला वाजला. हातातलं काम टाकून खिशातून काढला, दुसरी रिंग होऊ दिली नाही. मेहुणा होता. म्हणाला, भावोजी, आईंचा फोन चार्जिंगला असेल, लागत नाही. त्यांना द्या जरा.

दिला.