शुक्रवारची ड्युटी, शनिवारचं लग्न

१ मार्च २००६, फ्रँकफर्ट
नवीन वही, नवा निश्चय. वर्षअखेर मी उत्तम डॉक्टर असेन आणि बौद्धाचार्याही. आपल्या लोकांची लग्नं मीच लावीन, नामकरणं मीच करीन.

वॉर्डातली राहेल माझ्यासारखीच असिस्टंट डॉक्टर, आणि शिवाय रब्बी होण्याचं शिक्षण घेते. म्हणजे ज्यूंची धर्मगुरू. विचारलं, दोन्ही कसं जमतं? म्हणाली, जमत नाही, म्हणून अर्धीच नोकरी करते. शुक्रवारी सूर्य मावळला की तिचा शब्बात, शनिवार संपेपर्यंत काम बंद.

तिच्यात माझ्याइतकी चिकाटी नाही. तरी म्हटलं, तुझ्या शुक्रवारच्या नाइट यापुढे मी करीन, धर्माचं काम करणाऱ्यांनी एकमेकींना सांभाळायला हवं. तिनं विचारलं, सगळ्या? म्हटलं, गेनाऊ, अगदी सगळ्या.

४ मार्च
माझ्या मैत्रिणीचा, यामिनीचा फोन. तिचं आणि विपुलचं लग्न बुद्धपौर्णिमेला, इथेच. लग्न लावणारं इथे कुणी नाही. म्हणाली, क्रांती, तूच लाव गं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला गाथा ऐकायच्याच नाहीत. मला भरून आलं. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. आता जर्मनीत लग्न लावणार. अकोल्याला आईला कळवलं. आई म्हणाली, ते राहू दे, जेवलीस का?

रोज पहाटे उठून गाथा पाठ करायच्या. उद्यापासून.

५ मार्च
कालचं ‘उद्या’ म्हणजे रविवार, हे लक्षात आलं नव्हतं. सोमवारपासून.

२२ मार्च
दोन्ही कामं एकत्र करून पाहिली. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत असलेले एक आजोबा घाबरले होते. हात हातात घेऊन समजावलं, सगळं अनित्य आहे, हे शरीरसुद्धा. ते शांत झाले. मला वाटलं, धम्म पोचला.

त्यांनी त्याचा अर्थ रिपोर्ट आला असा घेतला. बायकोला फोन करून निरोप घेतला, कुत्रा कुणाकडे द्यायचा तेही ठरवलं. रिपोर्ट संध्याकाळी आला, नॉर्मल. ओबरआर्ट्स, म्हणजे आमचे वरिष्ठ डॉक्टर, म्हणाले, तर मग, फ्राउ डॉक्टर, यापुढे फक्त ब्लडप्रेशर बघा.

त्यांना दृष्टी नाही.

१५ एप्रिल
काल बाबासाहेबांची जयंती, त्यात गुड फ्रायडेची सुट्टी. इथल्याच आपल्या यशपालच्या मुलीचं नामकरण मी केलं. लग्नाआधीची रंगीत तालीमच. आदल्या रात्री नाइट होती, राहेल पेसाखच्या सणाला गेली म्हणून तीही मीच घेतली होती.

त्रिशरण, पंचशील छान झालं. मग म्हटलं, सगळ्यांनी डोळे मिटा, मी ‘साधु’ म्हणेन तेव्हाच उघडा. माझं ध्यान फार खोल लागलं. माझ्याआधी डोळे कोण उघडणार? सगळे तसेच बसून राहिले. शेवटी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, हॉलला कुलूप लावायला आला आणि त्यानं दिवे घालवले, तेव्हा मी ‘साधु’ म्हटलं. भात गार झाला होता.

यशपाल म्हणाला, ताई, काय समाधी लागली तुम्हाला! यामिनी म्हणाली, समाधी घोरत होती. छे, तो माझा दीर्घ श्वास होता.

२४ एप्रिल
कॅलेंडर पाहिलं. बुद्धपौर्णिमा शनिवारी. म्हणजे आदल्या दिवशी शुक्रवार. हरकत नाही. ड्युटी सकाळी संपते, लग्न दुपारी.

७ मे
यामिनीनं हळूच विचारलं, तुला झेपणार नसेल तर आत्ताच सांग, राग नाही. मला राग आला. सगळ्या गाथा आजच सलग कॅसेटवर म्हणून दिल्या, म्हणजे दोघांनाही सराव होईल. म्हणता म्हणता डोळा लागला असावा, जाग आली तेव्हा टेप संपली होती. ऐकून बघायला वेळ नव्हता, तशीच दिली.

११ मे
राहेलनं मला औषधाच्या कपाटाला टेकून उभ्या उभ्या झोपलेलं पाहिलं. म्हणाली, उद्याची नाइट मी करते. म्हटलं, तुझा शब्बात? म्हणाली, जीव वाचवायचा असेल तर मोडता येतो, आणि तुझ्याकडे बघून पेशंटांचेच जीव धोक्यात दिसतात. हसले. नको म्हटलं. शब्द म्हणजे शब्द.

१४ मे
काल सकाळी ड्युटी संपली. हॉस्पिटलातच पांढरी साडी नेसले, घरी गेले असते तर झोपले असते. किती शहाणपण! एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडली. डोळे उघडले तेव्हा वीसबाडेन, लाइनचं एक टोक. उलटी गाडी घेतली. डोळे उघडले तेव्हा हानाऊ, दुसरं टोक. फ्रँकफर्ट मध्येच आहे. दोन्ही वेळा गेलं.

पोचले तेव्हा लोक खिरीच्या वाट्या गोळा करत होते. यामिनी पांढऱ्या साडीत, केसांत पाकळ्या. तिनं माझ्यासाठी एक वाटी झाकून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, कॅसेट लावून उरकलं गं. यशपालनं बटण दाबलं होतं.

म्हणजे लग्न माझ्याच आवाजात लागलं.

यशपाल म्हणाला, ताई, शेवटच्या गाथेनंतर बराच वेळ नुसता श्वास येत होता. तुम्ही ‘साधु’ म्हणेपर्यंत थांबायचं, हे आता सगळ्यांना माहीत. तेवढा वेळ फुलं टाकत राहिलो. फुलं संपली, तरी टेप चालूच.

आईचा फोन आला. कसं लावलंस गं लग्न? म्हटलं, आई, मी झोपेत होते. आई म्हणाली, बरं झालं बाई, कधी तरी झोपलीस.