मामाकडची गौर

आई,

तू गेलीस तेव्हा तुझे केस काळेभोर होते. माझे पांढरे होऊनही आता बरीच वर्षं झाली, म्हणजे दोघींत म्हातारी मीच. तरी तुला लिहायला बसले की मी पुन्हा दहा वर्षांची होते. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर नव्या पाळकांची बायको पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. भली मुलगी आहे. तिने विचारलं, "आजी, तुमचं गाव कोणतं?" मी आधी दासगाव म्हटलं, मग महाड, मग पोलादपूर, आणि घाटावरची नावं घ्यायच्या आतच ती हसली. म्हणाली, "एवढी गावं? मग तुमच्या आईचं माहेर कुठलं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आले, भाकरी टाकली, ती करपली, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

दासगावचं मला थोडंच आठवतं. बंदरावर मचवे लागायचे, सुक्या मासळीचा वास यायचा. बाजाराच्या दिवशी बाबा एका उलट्या टोपलीवर उभं राहून शुभवर्तमान सांगायचे, आणि तू मला कडेवर घेऊन त्यांच्या शेजारी गीत म्हणायचीस. लोक गाणं ऐकायला थांबायचे आणि बाबा बोलायला लागले की पांगायचे. मग मिशनच्या साहेबांचं पत्र आलं, की बाजारातलं काम पुरे, आता महाडला मुलींची शाळा काढा. तिथे तू भाड्याच्या माडीवर अक्षरं आणि शिवण शिकवू लागलीस. तीन वर्षांनी पुन्हा पत्र आलं, की शाळा दुसऱ्यांकडे सोपवा, औषधांची पेटी घेऊन पोलादपूरला जा आणि डोंगरातल्या वाड्यांवर फिरा. दर वेळी बाबा पत्र वाचून म्हणत, "प्रभूने नवं दार उघडलंय." तू "बरं" म्हणायचीस आणि मडकी गवतात गुंडाळायला घ्यायचीस. पोलादपूरच्या वाटेवर बैलगाडीत मी तुला विचारलं होतं, "आई, देव आपल्याबरोबर येतो, की तिथे आधीच असतो?" तू म्हणालीस, "आधीच असतो असं बाबा सांगतात. मला आपलं वाटतं, तो गाडीमागून चालत येत असेल. आपल्यासारखाच दमून."

पोलादपुरात ख्रिस्ती असं आपलं एकच घर. रविवारी बाबा कोट घालून उभे राहायचे आणि चटईवर बसलेल्या आपल्या दोघींना पूर्ण उपदेश करायचे, तासभर, जणू समोर शंभर माणसं आहेत. सोमवारी ते पेटी घेऊन निघाले की शुक्रवारपर्यंत घरात आपण दोघीच. हिवतापाच्या दिवसांत बायका कोयनेलसाठी दारात यायच्या. "हाय का गो बाई घरात?" अशी हाक यायची. गोळी तुझ्या हातची घ्यायच्या, पण ती गिळायला पाणी आपल्या घरून तांब्यात घेऊन यायच्या. एका म्हातारीने तुझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून विचारलं होतं, "धनी जिता हाय ना गो तुजा? मंग कपाळ पांढरं कशापायी?" तू हसून म्हणालीस, "आमच्यात लावत नाहीत." ती गेल्यावर मात्र बराच वेळ तू चुलीतली राख उगाचच सारखी करत बसलीस.

त्या गावाला तुझी गरज लागायची ती कार्डं वाचायला. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत. त्यांची कार्डं आली की बायका पदराखाली लपवून आपल्या अंगणात यायच्या, आणि तू उंबऱ्यात बसून हळू आवाजात वाचून दाखवायचीस. नवऱ्याने खुशाली विचारली की त्या लाजायच्या, आणि तू तेवढी ओळ मुद्दाम दोनदा वाचायचीस. उत्तरंही तूच लिहायचीस. तुझं स्वतःचं कार्ड मात्र कधीच आलं नाही. मला तेव्हा ते खटकलं नाही. मला वाटायचं, आपल्याला कोणी नाहीच.

माझ्याशी खेळायला कोणी नव्हतं. पुढच्या आळीत एका शेतकऱ्याची माझ्याएवढी मुलगी होती, ती तेवढी नदीवर धुणं धुताना माझ्याशी बोलायची. गौरी आल्या तेव्हा तिने मला विचारलं, "फेराला येशील का गो?" मी कशाला नाही म्हणतेय? तुला काही न सांगता मी त्यांच्या अंगणात गेले. मुली गोल धरत होत्या, त्यांच्या काकीने येईल त्या मुलीच्या कपाळाला कुंकू टेकवलं, तसं माझ्याही. फेर सुरू व्हायच्या आधी एकीने विचारलं, "तुज्या घरात गौर नाय का गो?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आमची गौर मामाकडे असते." कुठून सुचलं कोण जाणे. मला मामा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पण त्यांना ते पटलं, आणि दोन्ही बाजूंनी दोन हात माझ्या हातात आले. आई, त्या गावात मला पहिल्यांदा कोणी हाताला धरलं होतं. मी घाम फुटेपर्यंत नाचले.

तू मला शोधत आलीस आणि कुंपणापाशी उभी राहिलीस. हाक मारली नाहीस. फेर संपल्यावर मी आपणहून तुझ्याकडे आले. त्या काकीने हसत तुला सांगितलं, "पोर म्हनाली, तुमची गौर मामाकडं असते." तू "हो" म्हणालीस. घरात आल्यावर तू पदराचं टोक ओलं केलंस, माझं कपाळ पुसलंस, आणि म्हणालीस, "नाचलीस त्याचं मला काही नाही. पण दुसऱ्याच्या घरात शिरायला आपलं घर लपवायचं नाही. कधीच नाही." मी रडायला लागले. तू माझ्यासमोर बसलीस आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणालीस, "आणि खोटं नाही बोललीस तू. तुला मामा आहे. त्याच्याकडे गौरही बसते."

मग तू सांगितलंस. महाडजवळच्या सव गावाच्या पुढे, नदीकाठाच्या एका वाडीत तुझं माहेर. घरात आई आणि एक मोठा भाऊ. तुझा आणि बाबांचा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव टाकलं. दासगावला आणि महाडला आपण होतो ती सगळी वर्षं ते घर चालत जाण्याइतकं जवळ होतं. बाजाराच्या दिवशी महाडच्या माडीच्या खिडकीत तू शिवण घेऊन का बसायचीस, ते मला त्या संध्याकाळी कळलं. सवकडून येणाऱ्या माणसांत तू तुझी आई शोधायचीस.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पत्र आलं. मिशनने खालची कामं कमी करायचं ठरवलं होतं. पोलादपूर बंद, आणि आपण आंबेनळीचा घाट चढून वरच्या एका वसतिगृहावर जायचं. या वेळी बाबा दार उघडल्याचं काही बोलले नाहीत. औषधांची पेटी परत करायला त्यांना महाडला जायचं होतं, आपणही गेलो. सकाळी तू म्हणालीस, "मी हिला घेऊन दादाकडे जाऊन येते. आता वर गेलो की पुन्हा होणार नाही." बाबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि आपली छत्री तुला दिली.

आपण चालत गेलो. ऊन होतं, आणि तू इतकी भरभर चालत होतीस की मला पळावं लागत होतं. घर जवळ आलं तशी सावकाश झालीस. मामा अंगणात दोर वळत बसला होता. तुझ्यासारखंच नाक, तुझ्यासारखेच कान. त्याने बघितलं, उठला, पण पुढे आला नाही.

"आलीस?"

"आले, दादा."

"ही पोर तुजी?"

"माझी."

त्याने पडवीकडे हात केला. आपण पडवीच्या कडेला टेकलो. मामी पाणी घेऊन बाहेर आली, घुटमळली, आणि तिने तांब्या वरून धरला. तू दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलीस आणि ओंजळीनेच प्यायलीस. तुझ्या माहेरच्या पडवीत. मी पाणी नको म्हटलं.

तू म्हणालीस, "आईला बाहेर बोलाव. मी आत येत नाही."

मामा खाली बघत राहिला. दोर त्याच्या हातातच होता. "आय गेली गो," तो म्हणाला. "तीन वर्सं झाली."

तीन वर्षं म्हणजे तेव्हा आपण महाडला होतो. खिडकीत बसून तू जिची वाट बघत होतीस ती निम्मा काळ नव्हतीच.

"सांगावा नाय धाडला," मामा म्हणाला. "धाडला असता तर तू आली असतीस, नि भावकी उठली असती. मला हितं ऱ्हायाचं हाय."

तू ओले हात पदराला पुसलेस. मग विचारलंस, "शेवटी काही म्हणाली?"

"तुजं नाव घेत व्हती. दोन दिस. मंग मी सांगितलं, येते हाय ती, वाटंला लागली हाय. तवा निजली."

मला वाटलं तू आता ओरडशील. तू म्हणालीस, "बरं केलंस, दादा," आणि हात लांब करून त्याच्या पावलाला स्पर्श केलास. तो चटकन मागे झाला नाही.

आपण निघालो तशी मामी सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, नारळ आणि कुंकवाचा करंडा. "माहेरवाशीण रिकामी नाय जायाची," ती म्हणाली. तिने तुझी ओटी भरली, कुंकवात बोट बुडवलं, आणि मग तिचं बोट तसंच हवेत राहिलं. "लावू का? तुमच्यात चालत नाय म्हनतात." तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि कपाळ पुढे केलंस.

परत येताना तू ते पुसलं नाहीस. महाडला पोचेपर्यंत ते घामाने नाकावर ओघळलं होतं. बाबांनी बघितलं. दिवेलागणीला आपण प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांनी सुरुवात करायची होती, पण तूच मोठ्याने बोललीस, "प्रभू, माझी आई गेली हे मला आज कळलं. आणि आज मी भावाच्या दारात कुंकू लावून घेतलं. तुला काय म्हणायचं असेल ते मला म्हण." बाबांचे शब्द कधी अडत नसत, त्या दिवशी अडले. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आमेन एवढंच म्हणाले.

त्यानंतर तू चार वर्षं होतीस. मी मिशनच्या दवाखान्यात परिचारिकेचं शिकत होते. तुझ्या तापाची चिठ्ठी मला मिळाली आणि मी पोचले, तोवर तुला पुरून दुसरा दिवस उजाडला होता. बाबा ओल्या मातीजवळ कोट घालून उभे होते. वर्ष उलटायच्या आत त्यांना पुन्हा पत्र आलं. दर बदलीत आपण काही ना काही मागे ठेवायचो, या वेळी ते तुला ठेवून गेले. त्यांच्या तोंडून नव्या दाराचं मी पुढे कधी ऐकलं नाही, पण म्हातारपणी एकटे असतानाही रविवारी कोट घालून मोठ्याने वाचायचे. माझ्याही बदल्या होत राहिल्या. दवाखान्यामागून दवाखाने. लग्न राहून गेलं. देवावरचा माझा विश्वास कुठे पूर्ण तुटला नाही, आणि त्याने कुठे मुळंही धरली नाहीत. मी चर्चला जाते, गीतं म्हणते, आणि परत येऊन एका माणसापुरता भात लावते.

तू गेल्यावर मी मामाला कार्ड टाकलं होतं. उत्तराची अपेक्षा नव्हती. महिन्याभराने आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, दोन ओळींचं. बहीण गेल्याचं कळलं. घरात तीन दिवस सुतक पाळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं वाचलीस, आणि तुझ्यासाठी माहेरून आलेलं एकच कार्ड तुझ्या माघारी आलं. ते मी दवाखान्याच्या कोठीत उभी राहून मोठ्याने वाचलं. दोनदा.

हे पत्र घालायला पत्ता नाही. तुझ्या कबरीवरही आता नाव राहिलेलं नाही, मागे एकदा गेले होते तेव्हा नुसतं गवत होतं. म्हणून घडी घालून कपड्यांच्या पेटीत ठेवीन. पण लिहायला बसले ते एवढं एकच सांगायला, आणि तेच शेवटपर्यंत टाळत आले. मामाच्या दारात तू कपाळ पुढे केलंस तेव्हा मला तुझी लाज वाटली. माझं कपाळ पुसणारी तू, आणि आता हे. मी बारा वर्षांची होते आणि मला वाटलं, मी तुला पकडलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तेही तू आई गेल्याच्या दुःखात असताना. आंबेनळीत चढ आला तसे आपण गाडीतून उतरून चालू लागलो. बाबा पुढे होते. एका वळणावर तू थांबलीस, दम लागला होता, खाली सगळी सावित्री नदीची, तुझ्या माहेराकडची बाजू दिसत होती. तू तिकडे पाहिलंस आणि माझ्याकडे न बघता हात मागे केलास, मी धरावा म्हणून. मी दगड चुकवत असल्यासारखी खाली बघत तुझ्या बाजूने पुढे निघून गेले. तुला वाटलं असेल, पोरीने पाहिला नाही.

मी पाहिला होता.